लाईन नसताना

मी इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवते, हे आमच्या अमरावतीच्या घरात अजून कोणाच्या नीट पचनी पडलेलं नाही. घराणं भिक्षुकीचं आणि वकिलीचं. माझे मामा वकिली सोडून बसले असले तरी उलटतपासणी काही सुटलेली नाही. पाहुण्यांशी ओळख करून देताना ते म्हणतात, "ही आमची भाची. अकोल्याला असते. खांबावर चढते." मी खांबावर चढले ती प्रशिक्षणात, तेही पट्टा बांधून आणि देवाचं नाव घेत. पण मामांशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. मी हसते आणि चहा घ्यायला निघून जाते.

अकोल्याच्या आयटीआयमध्ये मी शिकवते, तिथलं दुखणं वेगळं. मुलं भरपूर, मोटारीचे स्टार्टर मोजके. एक जण स्टार्टर उघडतो आणि बाकीचे त्याच्या मानेवरून डोकावतात. त्यात निम्मी मुलं बार्शीटाकळी, तेल्हारा अशा भागातून येणारी. सकाळची एसटी चुकली की प्रॅक्टिकल चुकलं. म्हणून मी मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागले. पाइपच्या क्लॅम्पचा एक स्टँड बनवला, त्यात मोबाइल अडकवला आणि टेबलावर स्टार्टर उघडून बोलायला सुरुवात केली. हे काढा, ते घासा, हा स्क्रू आवळा. व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकले आणि आपण काहीतरी मोठं काम केलं असं वाटून दोन दिवस छान झोपले.

तिसऱ्या दिवशी बसस्टँडवर माझ्याच वर्गातली मुलं मोबाइलभोवती गोळा झालेली दिसली. मोबाइलमधून उंदरासारखं काहीतरी चिवचिवत होतं. जवळ जाऊन पाहते तर ती मी. मुलं मला दुप्पट वेगानं पाहत होती. मी रागावले तर एक जण निर्मळ चेहऱ्यानं म्हणाला, "मॅडम, तुमी लय हळू बोलता ना." त्या दिवशी मला बसलेला धक्का आता आठवला की हसू येतं. पुढं जो बसायचा होता, त्यापुढं तो काहीच नव्हता.

पण व्हिडिओंचा उपयोग झाला, हे मी कबूल करते. सर्वांत जास्त झाला तो एका मुलीला. तेल्हाऱ्याच्या पलीकडच्या खेड्यातली, काळ्या जमिनीवर कापूस आणि हरभरा पिकवणाऱ्या घरातली. आमच्या ट्रेडला मुली बोटांवर मोजण्याएवढ्या, त्यात ही सगळ्यात तरतरीत. एसटीनं दगा दिला की घरी बसून माझा व्हिडिओ पाठ होईपर्यंत पाहायची. इतका, की वर्गात मीच एखादी पायरी पुढं-मागं केली तर लगेच हात वर. "मॅडम, व्हिडिओत तं तुमी हे आधी खोललं होतं." आपलाच चेला आपल्यावर गुरगुरतोय म्हणून मी डोळे वटारायची, पण मनातून बरं वाटायचं.

आमच्या प्राचार्यांना मात्र व्हिडिओपेक्षा पुरावा प्रिय. कोणत्याही विद्यार्थ्याला ऑनलाइन मार्गदर्शन केलं, की स्क्रीनशॉट काढून स्टाफच्या ग्रुपवर टाकायचा, अशी त्यांची शिस्त. फोटो पडला की टाळ्या पडायच्या. वर्कशॉपमध्ये घसा कोरडा करून शिकवलं त्याला कधी कोणी टाळी वाजवली नाही. पण सवय ती सवय. व्हिडिओ कॉल लागला की माझं बोट आपोआप फोटो काढायचं.

माघातली गोष्ट. मामांच्या नातवाची मुंज होती, म्हणून मी रविवारी अमरावतीला होते. मंगल कार्यालयात एकीकडे गुरुजी बटूला "म्हण" म्हणत होते आणि तो म्हणत होता, दुसरीकडे स्वयंपाकघरातून तळणाचा वास येत होता. मी रेशमी साडीत, घामानं हैराण. तेवढ्यात त्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मी उठून कार्यालयाच्या मागच्या बाजूला गेले. तिथं जनरेटर होता आणि भांडी घासायची जागा.

ती शेतातल्या मोटारीच्या खोलीत होती. मोबाइल तिनं समोर कशाला तरी टेकवून ठेवला होता. स्टार्टरचं झाकण काढलेलं.

"मॅडम, स्टार्टर नुसतं घुरघुर करून राहिलं. मोटर उचलतच नाई. मिस्त्री आज येतो, उद्या येतो म्हनते. हरभऱ्याले पानी पाह्यजे. मी करू का? व्हिडिओ पाहून मले सारं येते. तुमी फक्त पाहात राहा."

खरं सांगते, मला अभिमान वाटला. जी मुलगी वर्षभरापूर्वी टेस्टर हातात धरायला बिचकत होती, ती बापाच्या शेतात स्टार्टर उघडून उभी होती. मी म्हटलं, "कर. मी आहे. मेन पाडलास ना?"

"हौ मॅडम."

मी फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि पुन्हा तिच्याकडे वळले. तिनं कॉन्टॅक्ट, म्हणजे आतले वीज जोडणारे तुकडे, काढून दाखवले, काळे पडलेले. पॉलिश पेपरनं घासले, पुसले, परत बसवले. हात न थरथरता. मी मध्ये मध्ये "हं", "शाब्बास" म्हणत होते. सगळं बसवून झाल्यावर मला एक वायर तिरपी वाटली. मी म्हटलं, "वरच्या बाजूची, मेनकडून येणारी ती मधली वायर ढिली आहे बघ. स्क्रू आवळ."

तिनं स्क्रू ड्रायव्हर उचलला, डाव्या हाताची बोटं त्या वायरीवर ठेवली, आणि चित्र तिथंच थांबलं.

नेटवर्क गेलं होतं. त्यात काही नवल नव्हतं. आमच्याकडं खेड्यातल्या मुलांशी बोलायचं म्हणजे निम्मा वेळ "आवाज येतो का" यातच जातो. मी वाट पाहत उभी राहिले. स्क्रीनवर ती वाकलेली, बोटं वायरीवर. वरून एकेक निरोप टपकायला लागले. आधी टाळ्यांचे हात, मग फुलं, मग प्राचार्यांचं "अभिमानास्पद!" मला वाटलं, एवढं काय आवडलं सगळ्यांना, पाहू तरी. मी फोटो उघडला.

फोटोच्या डाव्या कडेला मेन स्विचची लोखंडी पेटी होती. तिचा दांडा वर होता.

मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. दांडा वर म्हणजे मेन चालू. शेजारी ऑटो स्विच होता. लाईन आली की शेतकऱ्याला उठून जावं लागू नये, मोटार आपली आपण सुरू व्हावी, म्हणून प्रत्येक वावरात बसवलेला असतो तो. त्याचाही खटका चालूच. शेतीची वीज पाळीपाळीनं येते, आणि आत्ता लाईन नव्हती म्हणूनच ती अजून धड होती. म्हणजे लाईन ज्या क्षणी येईल, त्या क्षणी त्या वरच्या वायरीत, जिच्यावर तिची बोटं होती, तिथं थ्री फेजचा जीवघेणा करंट येणार. आणि त्या वायरीला हात लावायला मीच सांगितलं होतं.

 मी मोबाइलवर ओरडले, "हात काढ! हात काढ आधी!" स्क्रीनवरची मुलगी हलली नाही. ती हलणारच नव्हती, चित्र होतं ते. तरी मी ओरडत राहिले. भांडी घासणाऱ्या बाया थांबून माझ्याकडं पाहायला लागल्या. मी कॉल तोडला आणि पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच. तिच्या बाबांचा नंबर माझ्याजवळ नव्हता. त्या गावात मी एकाही माणसाला ओळखत नव्हते. तिला कर म्हटलं मी, पाहात राहा म्हणाली तर पाहते म्हटलं मी, आणि आता मला तिच्यापर्यंत पोहोचायला एक वाट नव्हती.

मामा शोधत आले. "अगं, पंगत बसली. कोणावर ओरडून राहिली इथं?"  मी मोबाइल त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा वर करून फोटो पाहिला आणि म्हणाले, "वा! मुलगी तर हुशार दिसते तुझी." मला रडू कोसळायचंच बाकी होतं. आत वाजंत्री सुरू झाली. ग्रुपवर अजून टाळ्या पडतच होत्या. इलेक्ट्रिकलचे, फिटरचे, वेल्डरचे, झाडून सगळे शिक्षक टाळ्या वाजवत होते. इतक्या जाणत्या माणसांनी तो फोटो पाहिला आणि एकालाही तो दांडा दिसला नाही.

मग तिचा कॉल आला.

आधी नुसतं ऊन दिसलं. मग तिचा चेहरा. ती उघड्यावर, बांधावर उभी होती, धापा टाकत. मी तिचे हात शोधत होते. एका हातात मोबाइल असणार, दुसरा कुठं आहे? तेवढ्यात तिच्या मागून आवाज आला. पाइपातून पाणी पडत होतं.

"मॅडम! लागली मोटर! दुरुस्त झाली!" ती आनंदानं अक्षरशः नाचत होती. "तुमचा आवाज बंद झाला म्हनून मी मोबाइल घेऊन इकडं बांधावर आली, इथं नेटवर्क येते ना. थो वरचा स्क्रू आवळायचा राहूनच गेला. तेवढ्यात लाईनच आली! आज लवकर आली. अन् मोटर आपली आपनच उचलली!"

 ज्या नेटवर्कला मी रोज शिव्या घालते, ते गेलं म्हणून ती बोटं उचलून बांधावर गेली होती. तिला हे कळलंच नव्हतं. ती हसत होती. तिला वाटत होतं, आज आपण जिंकलो.

मी म्हटलं, "ऐक, त्या खोलीत जाऊ नकोस. आधी..." पण तोवर तिच्या बाबांनी मोबाइल घेतला होता. डोक्याला शेला बांधलेला, चेहरा उन्हानं आणि कौतुकानं फुललेला माणूस.

"मॅडम, तुमी पोरीले लय चांगलं शिकवलं बाप्पा! मिस्त्रीची गरजच नाई पडली. आता भावाच्या वावरातलं स्टार्टरबी असंच घुरघुरते. उद्या थे मीच साफ करतो. पोरीनं तुमचा व्हिडिओ मले पाठोला हाय."

"नको, नको! तुम्ही हात लावू नका! मेन पाडल्याशिवाय..."

त्यांचा चेहरा हसता हसता थांबला. नेटवर्क गेलं.

मी लगेच निरोप लिहिला. मेन पाडल्याशिवाय कोणीही स्टार्टरला हात लावायचा नाही. झाकणही मेन पाडूनच लावा. बाबांनाही सांग. बऱ्याच वेळानं उत्तर आलं. वर केलेला अंगठा.

जेवायला बसले. मामांना सगळं सांगितलं, तर त्यांनी वकिली प्रश्न विचारला. "तू विचारलं होतंस ना, मेन पाडला का? ती हो म्हणाली होती ना? मग ती खोटं का बोलली?"  ती मुलगी खोटं बोलणारी नव्हती. तोच प्रश्न घेऊन मी संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला आले.

सोमवारी ती वर्गात हजर होती. चेहरा उजळलेला. मुलांनी तिचं नाव "मिस्त्रीन बाई" ठेवलं होतं आणि तिलाही ते आवडलेलं दिसत होतं. मी तो फोटो वर्गातल्या मोठ्या स्क्रीनवर लावला. मुलांनी शिट्ट्या मारल्या.

मी म्हटलं, "या फोटोत काय चुकलंय?"

"चप्पल पातळ हाय, मॅडम." "हातमोजे नाईत." "ओढनी लोंबून राहिली." "बांगड्या!" हे सगळं बरोबर होतं. हे सगळं परीक्षेत विचारतात. मी थांबले.  शेवटी मीच दांड्यावर बोट ठेवलं. "आणि हे?"

 मग मागच्या बाकावरून एक जण समजूत घातल्यासारखा म्हणाला, "मॅडम, थे लाईन नसतानाचं काम हाय. लाईनच नाई तं मेन काय पाडायचं?"

मला वाटलं तो एकटाच असेल. मी विचारलं, "लाईन नसताना मेन वर ठेवूनच स्टार्टर कोण कोण उघडतं?"

हात वर झाले. एक, दोन नाही, सगळा वर्ग. अगदी सहज, हजेरी दिल्यासारखे. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलांचे, ज्यांना मी शंभरदा ऐकवलं होतं त्यांचे. आणि तिचाही.

मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "अरे, मी प्रत्येक व्हिडिओत पहिलं वाक्य काय बोलते?"

"सर्वप्रथम मेन बंद करा," वर्ग एका सुरात म्हणाला.

"मग?"

आता तीच उठली. तिच्या आवाजात लबाडी नव्हती, उलट मलाच इतकं साधं कसं कळत नाही याचं नवल होतं. "मॅडम, थे तं तुमी दरवेळी म्हनताच. काल इचारलं तं मी हौ म्हनली. पन आमच्याकडं सारे मिस्त्री असेच करतात. पाळीचं टाइमटेबल असते ना. लाईन नसते तेव्हाच सारं खोलतात."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्कशॉपमध्ये लाईन कायम असते, म्हणून आपण ती बंद करतो. यांच्या वावरात ती बहुतेक वेळ नसतेच. जे नाहीच ते बंद काय करणार? माझं ते पहिलं वाक्य त्यांच्यासाठी आचमन होतं. गुरुजी म्हण म्हणतात, बटू म्हणतो. मला भयंकर राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना.

मी स्वतःला सावरून तिला विचारलं, "काल लाईन कोणत्या वेळची होती?"

"संध्याकाळची."

"आणि आली कधी?"

"दुपारीच आली. लवकर..." ती बोलता बोलता थांबली.

"लाईन आली तेव्हा तू कुठं होतीस?"

"बांधावर."

"का?"

"नेटवर्क..." एवढंच म्हणून तिनं मान वळवली आणि स्क्रीनकडं पाहिलं. तिथं तीच होती, वाकलेली, उघड्या स्टार्टरसमोर.  तिच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला तो मी पाहिला. ती आता घाबरेल, रडेल, म्हणून मी उठून तिच्याकडं निघाले. पण तिच्या मनात स्वतःचा विचार नव्हताच.

"मॅडम, बाबा!" ती ओरडली. "बाबा आज काकाच्या वावरात थेच करून राहिले!"

तिनं परवानगी मागितली नाही, मीही थांबवलं नाही. तिनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. घंटी वाजत राहिली. कोणी उचलेना. ती पुटपुटत होती, "उचला ना, उचला ना." घंटी बंद पडली. तिनं पुन्हा लावला.  मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

फोन उचलला गेला.

"काय व पोरी? कामात हाय मी."

"बाबा, कुठं हात हाय तुमचा? मेन पाडलं का?"

"आँ?"

"मेन! दांडा! खाली पाडा आधी!"

पलीकडून बाप शांतपणे हसला. "अवं, लाईनच नाई तं काय पाडू?"

मागच्या बाकावरच्या मुलानं मान खाली घातली. तिनं फोन तोंडाजवळ धरला, आणि बापावर कधी आवाज न चढवलेली ती पोर सगळं वर्कशॉप ऐकेल इतक्या जोरात ओरडली, "लाईन नसन तरी पाडा! आत्ताच पाडा! मले आवाज ऐकू आला पाह्यजे!"

 मग कुरकुरत उठल्याचा, चार पावलं टाकल्याचा आवाज. आणि मग, फोनमधून, लोखंडी दांडा खाली पडल्याचा खट्ट आवाज आला.